गोकर्णाचा निळा कुठे जातो?

कुंपणावरच्या गोकर्णाचं एक फूल खुडा, फोनने त्याचा फोटो काढा आणि लगेच ते फूल पडद्याशेजारी धरून पाहा. दोन्ही निळे जुळत नाहीत. एखाद्या फोनवर फूल जांभळ्याकडे झुकतं, दुसऱ्यावर भडक आणि सपाट निळं होतं, तिसऱ्यावर पाकळीच्या शिराच नाहीशा होतात. त्याच फोटोत मागे आलेली मातीची कुंडी, भिंतीचा चुना, गवताचा हिरवा हे सगळं मात्र बऱ्यापैकी जमलेलं असतं. बागेत फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे आणि बहुतेक जण त्याचं खापर फोनवर फोडून पुढे जातात. पण या एका न जुळणाऱ्या निळ्याचा माग काढत गेलं, तर तो आपल्याला थेट माणसाच्या दृष्टीच्या सीमेवर नेऊन उभा करतो. फूल जेवढा प्रकाश परत पाठवतं त्यातला बराचसा आपल्याला दिसतच नाही. कॅमेऱ्याला त्यातला थोडासा दिसतो. सगळा गोंधळ त्या थोड्याशाचा आहे.

सुरुवात पाकळीपासून करू. पाकळीवर पडणाऱ्या उन्हात ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून ७०० नॅनोमीटरच्या लालपर्यंत सगळ्या तरंगलांबी असतात, आणि दोन्ही टोकांच्या पलीकडचा अतिनील व अवरक्त प्रकाशही असतो. पाकळीतलं रंगद्रव्य त्यातला काही गिळतं, उरलेला सोडून देतं. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला याचा आलेख काढला, तर चढउतारांची एक लांब रेघ मिळते. फुलाचा रंग भौतिकशास्त्राच्या हिशेबात ही अख्खी रेघ आहे. आपला डोळा मात्र ती रेघ वाचत नाही. त्याच्याकडे तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत. त्यांची संवेदनशीलता साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला सर्वाधिक असते. प्रत्येक प्रकार आपापल्या पट्ट्यातला सगळा प्रकाश गोळा करून एकच आकडा पुढे पाठवतो. आमटीची चव तिखट, आंबट आणि गोड अशा तीनच आकड्यांत लिहायची ठरवली, तर चिंचेच्या आणि आमसुलाच्या आमटीचे आकडे एकसारखे येऊ शकतील, आणि कागदावरून त्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. प्रकाशाचंही तेच होतं. पूर्णपणे वेगळ्या रेघा असलेल्या दोन वस्तू आपल्याला हुबेहूब एका रंगाच्या दिसू शकतात. अशा जोडीला रंगशास्त्रात मेटामर म्हणतात.

कॅमेराही तीनच आकडे मोजतो. सेन्सरवरच्या प्रत्येक सूक्ष्म चौकोनावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. अर्धे चौकोन हिरवे, पाव लाल, पाव निळे. ईस्टमन कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली पेटंट झालेली ही मांडणी थोड्याफार फरकाने आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. अडचण एवढीच की या तीन गाळण्या म्हणजे आपल्या तीन शंकुपेशी नव्हेत. रॉबर्ट लुथर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२७ साली यासाठीची अट मांडली. कॅमेऱ्याच्या तिन्ही संवेदनशीलता डोळ्याच्या तिन्ही संवेदनशीलतांची बेरीज-वजाबाकी करून मिळवता आल्या, तरच जगातला प्रत्येक रंग डोळ्याला दिसतो तसाच नोंदला जाईल. बाजारातले कॅमेरे ही अट काटेकोरपणे पाळत नाहीत. त्यामुळे अभियंते एक तडजोडीचं गणित बसवतात, ज्यात माणसाची त्वचा, आकाश, गवत, विटा असे रोजचे रंग चांगले उतरतील. निळी-जांभळी फुलं या तडजोडीत सहसा कडेला पडतात, आणि त्याचं कारण त्यांच्या रेघेच्या अगदी शेवटच्या टोकाला दडलेलं आहे.

गोकर्णाच्या पाकळीत टर्नॅटिन नावाची रंगद्रव्यं असतात. ती अँथोसायनिन या मोठ्या गटातली. गोकर्णाचा निळा चहा ज्यांनी केला आहे त्यांनी ती पाण्यात उतरताना पाहिली आहेत, आणि लिंबू पिळताच त्याच चहाचा जांभळा-गुलाबी होतानाही पाहिलं आहे. ही द्रव्यं ५७० ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश सर्वाधिक गिळतात, म्हणून निळा उठून दिसतो. पण साधारण ६५० च्या पुढे त्यांचं गिळणं झपाट्याने कमी होतं. पाकळीच्या आत पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. जो प्रकाश गिळला गेला नाही तो तिथे विखुरला जाऊन परत बाहेर येतो. परिणामी गर्द निळी पाकळी ७०० नॅनोमीटरच्या आसपास आणि त्यापुढे अवरक्तात चांगलीच उजळ असते. आपल्या समोरचं निळं फूल प्रत्यक्षात निळं आणि गडद लाल असं दोन्ही आहे!

आपल्याला ते लाल का दिसत नाही? कारण त्या टोकाला आपण जवळजवळ आंधळे आहोत. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. ७०० नॅनोमीटरला ती दाद त्याच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकी उरते. फुलाने पाठवलेला तो लाल प्रकाश डोळ्यात शिरतो आणि दखल न घेता विरून जातो. रंगीत फिल्मच्या लाल थराचं मात्र तसं नव्हतं. त्याची संवेदनशीलता डोळ्यापेक्षा बरीच लाल टोकाकडे सरकलेली होती. म्हणून मॉर्निंग ग्लोरी किंवा एजरेटमसारखी निळी फुलं फिल्मवर गुलाबीसर उतरत. कोडॅकने आपल्या पुस्तिकांमध्ये या घोटाळ्याचा खास उल्लेख केला होता, आणि छायाचित्रकारांनी त्याला त्या बिचाऱ्या एजरेटमचंच नाव देऊन टाकलं: एजरेटम इफेक्ट. फिल्म धुणाऱ्याचा दोष नव्हता, छापणाऱ्याचाही नव्हता. फिल्म फक्त फुलाचं आपल्यापेक्षा थोडं जास्त ऐकत होती.

डिजिटल सेन्सर तर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. हे घरबसल्या तपासता येतं. टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसत नाही, पण पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहा, बऱ्याच फोनमध्ये तिथे दिसतो. हा अवरक्त प्रकाश आत येऊ नये म्हणून सेन्सरसमोर एक निळसर-हिरवट काच किंवा लेप बसवलेला असतो. तो नेमका कुठे कापायला लागतो आणि किती तीव्रतेने कापतो, हे प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं. कुणी ६५० च्या आसपासच हात आखडता घेतो, कुणी थोडं पुढे जातो. कुंडीच्या, भिंतीच्या रंगाला या फरकाने फारसं काही होत नाही. पण ज्या फुलाची रेघ नेमकी याच पट्ट्यात उडी मारते, त्याचा रंग या काही नॅनोमीटरच्या फरकाने निळ्याचा जांभळा होतो. एकाच फुलाचे तीन फोनवर तीन रंग का, याचं मोठं कारण हे.

आणि आता उलटी गंमत. अवरक्त कापणारी गाळणी कडक केली की निळी फुलं सुधारतात, पण जांभळी बिघडतात. कास पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवं फुललेली असताना, किंवा सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा कारवी भरभरून फुलते तेव्हा काढलेले फोटो आठवून पाहा. डोळ्यासमोर जांभळा गालिचा होता आणि फोटोत तो निळा आला, ही तक्रार तिथे सर्रास ऐकू येते. डोळ्याला स्पेक्ट्रमच्या जांभळ्या टोकाशी पुन्हा थोडी लालसर झाक जाणवते. ४३० नॅनोमीटरचा प्रकाश आपल्याला नुसता निळा वाटत नाही. कॅमेऱ्याच्या लाल गाळणीत या टोकाला तसा उंचवटा सहसा नसतो किंवा पुरेसा नसतो. त्याच्या लेखी ४३० आणि ४६० दोन्ही निळेच. म्हणजे एका टोकाला कॅमेरा आपल्यापेक्षा जास्त पाहतो आणि दुसऱ्या टोकाला आपल्यापेक्षा कमी, आणि निळी-जांभळी फुलं नेमकी या दोन्ही टोकांवर जगतात. सगळ्या बागेत छायाचित्राची इतकी कठीण परीक्षा घेणारं दुसरं काही नसेल.

न दिसणाऱ्या प्रकाशाची ही लुडबुड रंगीत छायाचित्रणाच्या जन्मापासून आहे. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत छायाचित्राचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. स्कॉटिश चौकड्याच्या रिबिनीचे थॉमस सटन यांनी रंगीत द्रावणांच्या गाळण्यांतून वेगवेगळे फोटो घेतले होते. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशात ते पडद्यावर एकावर एक टाकले आणि रिबीन रंगीत दिसली. पण त्या काळचं रसायन लाल प्रकाशाला दाद देतच नव्हतं. मग लाल गाळणीतून काढलेल्या फोटोत काही उमटलं कसं? हे कोडं शंभर वर्षं तसंच राहिलं. १९६१ साली कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला: ती लाल गाळणी अतिनील प्रकाशही आत सोडत होती, आणि कापडाचा लाल रंग अतिनील परावर्तित करत होता. प्लेटवर उमटलेला 'लाल' प्रत्यक्षात अतिनील होता. जगातल्या पहिल्या रंगीत छायाचित्रातला लाल कुणीच कधी पाहिला नव्हता, हे वाचून मी तरी बराच वेळ पुस्तक बाजूला ठेवून बसलो होतो.

तीन आकड्यांची ही वाट सोडून अख्खी रेघ टिपण्याचा प्रयत्नही झाला. गॅब्रिएल लिपमन यांनी १८९१ साली प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने प्लेटच्या आतच रंगांचे सूक्ष्म थर उमटवले. त्यात ना गाळणी, ना रंगद्रव्य. प्लेटवरून परतणारा प्रकाश मूळ वस्तूच्या स्पेक्ट्रमशीच नातं सांगतो. १९०८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठी मिळालं. पण एक्स्पोजरला मिनिटं लागत, प्रत काढता येत नसे आणि ठरावीक कोनातूनच चित्र दिसे. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंनी बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण वापरून ऑटोक्रोम प्लेट बाजारात आणली आणि जग पुन्हा तीन रंगांकडे वळलं. ऑटोक्रोमच्या संग्रहांत बागा आणि फुलदाण्या खूप दिसतात. फुलं हलत नाहीत आणि रंग दाखवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

निळ्या फुलाचा हा त्रास उद्योगाने इतका मनावर घेतला की १९७६ साली मॅकॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी रंगतपासणीचा २४ चौकोनांचा तक्ता तयार केला, जो आज कलरचेकर म्हणून स्टुडिओत वापरतात, तेव्हा त्यातला एक चौकोन निळ्या फुलाचा ठेवला. त्वचेचे दोन, आकाशाचा एक, पानाचा एक आणि निळ्या फुलाचा एक. नुसता दिसायला निळा रंग लावून भागणार नव्हतं. खऱ्या फुलासारखीच परावर्तनाची रेघ दृश्य पट्ट्यात यावी म्हणून रंगद्रव्यं निवडली गेली. चोवीस चौकोनांत एक जागा फुलाला मिळाली, हे मला फार योग्य वाटतं.

निळ्याचं दुखणं गाळणीत आहे; लालचं दुखणं अगदी वेगळं आणि सुदैवाने आपल्या हातातलं आहे. भर उन्हातल्या जास्वंदीचा फोटो पाहा. पाकळीच्या सुरकुत्या, शिरा, मखमल काहीच नाही, नुसता लाल डाग. होतं काय, की कॅमेरा चित्राचा एकूण उजेड मोजतो, आणि त्या उजेडाच्या नेहमीच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७ टक्के धरलेला असतो. जास्वंदीतून हिरवा जवळपास येतच नाही, म्हणून कॅमेऱ्याला फूल अंधारं वाटतं आणि तो एक्स्पोजर वाढवतो. लालचा आकडा केव्हाच २५५ च्या कमाल मर्यादेला जाऊन भिडलेला असतो. पाकळीचा उजळ भाग आणि सावलीचा भाग दोन्ही २५५. मग शिरा दिसणार कुठून? त्यात लाल अडकलेला असताना हिरवा थोडा वाढत राहिला की छटाही घसरते, डाळिंबी लाल शेंदरी होतो. उपाय साधा आहे. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या, आणि कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दिसत असतील तर लालचा डोंगर उजव्या भिंतीला टेकत नाही ना एवढं पाहा. फोनवर फुलाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी पाकळीच्या शिरा परत येतात. फोटो थोडा काळवंडलेला दिसेल, तो नंतर उजळता येतो. २५५ ला जाऊन बसलेला तपशील कशानेच परत येत नाही.

बोगनवेलीचा राणी रंग आणि झेंडूचा केशरी यांच्यापुढे अजून एक भिंत आहे, पडद्याची. १९९६ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तेव्हाच्या काचेच्या मॉनिटरांना धरून एसआरजीबी नावाचा रंगसंच ठरवला आणि अजूनही बहुतेक फोटो त्याच कुंपणात साठवले जातात. गर्द झेंडू त्या कुंपणाबाहेर पडतो. सेन्सरने तो नीट टिपला तरी फाइलमध्ये तो कुंपणाच्या जवळच्या कडेवर आणून ठेवला जातो. फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात मोठा रंगसंच निवडायची सोय असेल तर ती वापरावी, आणि रॉ फाइल ठेवावी.

आता उजेडाकडे येऊ. मोकळ्या दुपारच्या उन्हाचं रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन असतं. घराच्या सावलीत, जिथे ऊन पडत नाही आणि फक्त निळ्या आकाशाचा उजेड येतो, तिथे ते ८००० च्या पुढेही जातं. त्या सावलीतल्या तगरीवर पडणारा प्रकाश चांगलाच निळा असतो, तरी आपल्याला तगर पांढरीच दिसते, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतो. ही वजाबाकी इतकी सहज होते की आपल्याला तिचा पत्ताही नसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स तीच वजाबाकी अंदाजाने करतो, आणि त्याचा एक जुना अंदाज असा की चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी करडी यावी. बागेत हा अंदाज हमखास कोलमडतो. चौकटभर लाल गुलाब असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो चित्रात निळसर-हिरवा ओततो. चौकटभर पानं असली की उलट, फुलांवर गुलाबी झाक चढते. आंब्याखालच्या सावलीत तर पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड खरोखरच असतो, त्यामुळे तिथे काय वजा करायचं हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. अशा जागी मी फोटोच काढू नये असं म्हणेन, निदान रंगाची नोंद म्हणून तरी. पुष्पप्रदर्शनाच्या मांडवातल्या एलईडी दिव्यांचीही तीच गत. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरला निळ्याचं टोक, पुढे पिवळ्याचा फुगवटा आणि ६५० च्या पलीकडे जेमतेम उजेड. ज्या गडद लालवर काळपट लाल गुलाबाची शान उभी असते तो लाल दिव्यातच नसेल, तर पाकळी काय परत पाठवणार?

संध्याकाळी एक वेगळीच गोष्ट घडते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की उन्हात लालभडक दिसणारी फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात, आणि निळी फुलं व पानं तुलनेने उजळ होतात. त्याने हे १८२५ मध्ये प्रसिद्ध केलं. उजेड कमी झाला की शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी पुढे येतात. त्यांची संवेदनशीलता ५५५ ऐवजी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, लालला त्या जवळपास दादच देत नाहीत. दिवेलागणीला अंगणात उभं राहून जास्वंद आणि गोकर्ण शेजारी शेजारी पाहिले तर हा बदल दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांदेखत होतो. कॅमेऱ्याला दंडपेशी नाहीत. तो त्या वेळीही जास्वंद लालच टिपेल, आणि तो फोटो आपण पाहिलेल्या संध्याकाळसारखा दिसणार नाही.

बरं, फूल तरी एका रंगावर ठरलेलं असतं का? मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि नंतर लाल. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची जुनी फुलं गुलाबी असतात. मॉर्निंग ग्लोरीच्या 'हेवनली ब्लू' जातीत तर कळी लालसर जांभळी असते आणि उमलताना आकाशी होते. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये तिच्या पाकळीच्या पेशींत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून मोजलं, तेव्हा पेशीरसाचा पीएच उमलताना ६.६ वरून ७.७ वर गेलेला आढळला. रंगद्रव्य तेच, आम्लता बदलली, रंग पालटला. लिंबू पिळलेल्या गोकर्णाच्या चहाचाच हा उलटा प्रवास, आणि तो वेल रोज पहाटे स्वतः घडवून आणते. म्हणून फुलाच्या रंगाच्या नोंदीत वेळ लिहिलेली नसेल तर ती नोंद अर्धी आहे.

मग करायचं काय? रंग खरा हवा असेल तर ढगाळ सकाळ निवडावी. पावसाळ्यातल्या उघडिपीचा एकसारखा उजेड यासाठी सर्वोत्तम. करडं कार्ड फुलाच्या अगदी जवळ, फुलाकडे ज्या बाजूने उजेड येतो त्याच बाजूला तोंड करून धरावं आणि त्याचा एक फोटो आधी घ्यावा. नंतर संगणकावर त्या करड्यावर व्हाइट बॅलन्स बसवला की उजेडाच्या रंगाचा प्रश्न मिटतो. आपण लाल किंवा भगवा सदरा घातला असेल तर जवळच्या पांढऱ्या फुलावर त्याची छाया पडते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मेणचट चकाकीच्या पाकळ्यांवर आकाशाचं प्रतिबिंब पडून रंग फिका होतो. तिथे पोलरायझर फिरवला की खालचा रंग वर येतो. एवढं करूनही निळ्या-जांभळ्या फुलांचा प्रश्न उरतो, कारण तो उजेडाचा नाही. तिथे खरं फूलच संगणकाशेजारी आणून ठेवावं लागतं, आणि फोटोतल्या फक्त निळ्या-जांभळ्या छटा हळूहळू सरकवत फुलाशी जुळवाव्या लागतात. मात्र खिडकीतून दिवसाचा उजेड येत असावा आणि पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड बंद असावा.

फूल शेजारी ठेवण्यावर माझा एवढा भर का, तर आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. बार्टलसन यांनी १९६० मध्ये ओळखीच्या वस्तूंचे आठवणीतले रंग तपासले. गवत, आकाश आठवणीत असतं त्यापेक्षा जास्त गडद झालेलं आढळलं. फोन बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि म्हणून फोनचा फोटो अनेकदा फुलाशी न जुळता आपल्या आठवणीशी जुळतो. तो आवडतो यात नवल नाही. पण ज्याला आपल्या बागेतल्या अबोलीच्या दोन जातींमधला फरक जपून ठेवायचा आहे, त्याला तो फोटो काहीच सांगत नाही.

कॅमेरा नव्हता तेव्हा लोकांनी रंग आकड्यांत बांधला होता. ऑस्ट्रियन चित्रकार फर्डिनांड बाउअर १८०१ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गेला, तेव्हा ताज्या फुलांची नुसती पेन्सिलीची रेखाटनं करून पाकळ्या-पाकळ्यांवर बारीक आकडे लिहीत असे. प्रत्येक आकडा म्हणजे त्याने मनाशी पक्की केलेली एक छटा. त्या छटांची संख्या हजाराच्या घरात जाते. रंग भरले ते इंग्लंडला परतल्यावर, फुलं कधीच सुकून गेल्यावर, आणि ती चित्रं आजही अचूकतेसाठी नावाजली जातात. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावर पॅट्रिक साइमचं ११० रंगांचं पुस्तक सोबत ठेवलं होतं. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९६६ मध्ये काढलेला फुलांचा रंगतक्ता अजून वापरात आहे. त्याच्या प्रत्येक रंगपट्टीला भोक असतं, ते पाकळीवर ठेवायचं आणि भोकातला रंग भोवतीच्या रंगाशी ताडून पाहायचा. आपल्याकडे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली गुलाबाची नवी जात तपासताना फुलाचा रंग याच तक्त्याच्या क्रमांकाने नोंदवतात.

तो तक्ता महाग आहे. घरच्या बागेसाठी रंगाच्या दुकानात मिळणारं भिंतीच्या रंगांचं शेड कार्ड चालतं. पाकळीला सर्वात जवळची पट्टी शोधा, तिचा क्रमांक, तारीख, वेळ आणि उजेड कसा होता ते फोटोच्या नावातच लिहून टाका, आणि फोटो सुधारताना तीच पट्टी पडद्याशेजारी धरा. गोकर्णासाठी एक खबरदारी घ्या. छापील निळ्याची रेघ पाकळीच्या रेघेसारखी नसते, त्यामुळे ढगाळ उजेडात तंतोतंत जुळलेली पट्टी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पाकळीपासून स्पष्ट वेगळी दिसू शकते. जुळवणी करताना आणि नंतर पडद्यावर ताडतानाही दिवसाचाच उजेड वापरा.